एक जूनची दोन माणसं

आमच्या गावच्या शाळेत निम्मा वर्ग एक जूनला जन्मलेला होता. ज्या पोराच्या जन्माची कुठे नोंद नाही त्याला हेडमास्तर एक जून ही तारीख देऊन टाकायचे. शाळा जूनमध्ये उघडायची, वय बरोबर बसायचं, पोर पहिलीत घेता यायचं. कुणाचीच तक्रार नव्हती. माझी आई आजही सांगते, "तू कांदे लावायच्या वक्ताला झाला. वाफ्यातून उठून घरी आले मी." म्हणजे मी थंडीतला. पण कागदावर एक जून.

माझा चुलतभाऊ पावसाळ्यातला, तोही कागदावर एक जून. साल एकच. आणि नावही एकच, त्याला कारण भांडण. माझे वडील आणि काका यांचं वाटणीवरून फाटलं होतं. त्यातच आजोबा वारले आणि त्या वर्षात दोन्ही घरांत मुलगा झाला. आजोबांचं नाव आपल्याच घरात राहिलं पाहिजे, या हट्टानं दोघांनीही तेच ठेवलं. वर्गात हजेरी घेताना गुरुजी मला 'गावातला' म्हणायचे आणि त्याला 'मळ्यातला', कारण वाटणीनंतर काकांनी मळ्यात घर बांधलं होतं. भांडण थोरल्यांचं होतं. आम्ही दोघं एकाच बाकावर बसायचो.

दहावीनंतर मी हरसूलच्या वाटेवरचं ते गाव सोडून नाशिकला आलो आणि बी.कॉम. झालो. घराण्यातला पहिला पदवीधर. मला त्याचं कौतुक होतं, अजून आहे, आणि ते मी कुणापासून लपवत नाही. पदवीदानाचा काळा झगा घातलेला फोटो मी चांगल्या लाकडी चौकटीत बसवून घेतला होता. भाऊ ड्रायव्हर झाला, पुढे स्वतःची पिकअप गाडी घेतली आणि आमच्या भागातली फुलं-भाजी पहाटे पंचवटीच्या बाजारात आणू लागला. भेटला की म्हणायचा, "काय ग्रॅज्युएट, बरं हाय ना?" त्यात थोडी थट्टा असायची, थोडा अभिमानही.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पुठ्ठ्याचे खोके बनवायचा छोटा कारखाना टाकला होता. द्राक्षांचे, टोमॅटोचे खोके. बरा चालला होता. मग कोरोनाची टाळेबंदी आली, व्यापाऱ्यांकडची येणी अडकली, आणि जी अडकली ती अडकलीच. बँकेचे हप्ते थांबले. मशीन विकलं, गाळा विकला, शेवटी राहतं घर विकलं. तेवढ्यानं पुरतं फिटलं नाही, पण बँकेनं तडजोड करून खातं बंद केलं आणि तसा कागद दिला. गावात लोक म्हणाले, दिवाळं निघालं. निघालंच होतं. अशा खात्यापुढे क्रेडिट रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शब्द येतो. म्हणजे बँकेनं घेतलं ते पुरं नाही, पण घेऊन विषय मिटवला. तो डाग माझा आहे. त्यावर मी कधी वाद घातला नाही.

त्यानंतर आम्ही पंचवटीत भाड्याच्या घरात आलो. मी एका पॅकिंग मटेरियलच्या दुकानात हिशेबाची नोकरी धरली, बायको एका लॅबमध्ये टेक्निशियन होतीच. घरमालकीण निवृत्त शिक्षिका, तळमजल्यावर राहायच्या. सगळी गल्ली त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. भाड्याच्या बाबतीत बाई समजूतदार होत्या, पण भिंतींच्या बाबतीत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "खिळा ठोकायचा नाही. एकही नाही. प्लॅस्टर मी उभं राहून करून घेतलंय." त्यामुळे माझा झग्यातला फोटो चादरीत गुंडाळून कपाटावर गेला आणि कॅलेंडर फ्रिजला टेकून उभं राहिलं.

चार वर्षं अशी गेली. मग एका श्रावणात बाईंनी आम्हा दोघांना खाली बोलावलं. त्या कायमच्या मुलाकडे पुण्याला चालल्या होत्या. खालचं घर शेजारचा किराणावाला घेणार होता. "वरचं तुम्हाला हवं असेल तर आधी तुमचं," त्या म्हणाल्या. "दसऱ्यापर्यंत थांबते. नंतर तो दोन्ही घ्यायला तयार आहे."

बायको माझ्याआधी जिना चढली. वर आल्यावर तिनं हॉलच्या भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता मला पुन्हा सामान बांधायचं नाहीये." एवढंच.

तिच्या एकटीच्या पगारावर पुरेसं कर्ज मिळत नव्हतं, सहकर्जदार म्हणून माझं नाव लागत होतं. मी बँकेत गेलो तेव्हा 'सेटल्ड'विषयी काय बोलायचं याची मनात तयारी करून गेलो होतो. मॅनेजर मध्यम वयाची, चष्मा कपाळावर चढवून बोलणारी बाई होती. तिनं रिपोर्ट पाहिला आणि म्हणाली, "ते जुनं झालं, त्याचं मी वर पाठवून बघू शकते. पण हे चालू कर्ज थकलेलं आहे ना, याचं काय?"

"कोणतं चालू कर्ज?"

"वाहनाचं. सहा महिने हप्ता नाही. हे असताना फाईल पुढे जाणारच नाही."

मला तेव्हा कळलं की गेले काही महिने येणारे फोन कशाचे होते. त्याआधी मला वाटत होतं, बँकेनं माझं जुनं कर्ज कुणा कंपनीला विकलं आणि ते लोक नव्यानं मागे लागलेत. एकदा दिवाळं निघालेल्या माणसाला वसुलीचा कुठलाही फोन आपलाच वाटतो. "सर, पेमेंट कब करोगे?" असं कुणी विचारलं की मी बँकेचा तो कागद पाठवून द्यायचो. तिकडून उत्तर यायचं, "ये तो दूसरा लोन है सर." मी चिडून फोन ठेवायचो. कोणतं दुसरं, हे एकदाही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात वसुलीवाला माझ्या फोन नंबरवरून पत्ता काढत घरी आला. हातात हेल्मेट, पन्नाशीचा, दमलेला माणूस. मी घरी नव्हतो. त्यानं बाईंचं दार वाजवलं आणि माझं नाव घेऊन विचारलं, "गाडी कुठे लावतात ते?"

"गाडी?" बाई म्हणाल्या. "त्यांच्याकडे सायकलसुद्धा नाही."

"मॅडम, सगळे असंच सांगतात."

संध्याकाळी बाईंनी हे मला शब्द न् शब्द सांगितलं आणि वर म्हणाल्या, "मला तुमच्या भानगडीत पडायचं नाही. पण किराणावाला जिन्यात उभा होता. त्यानं ऐकलं." तो अपमान मला अजून आठवतो. कर्ज बुडालं तेव्हा मी मान खाली घातली होती, कारण ते माझं होतं. हे कुणाचं होतं?

रिपोर्ट नीट वाचल्यावर उलगडा झाला. वाहन: पिकअप. पत्ता: आमचं गाव, पुढे 'मळा'. मोबाईल नंबर: माझा. मी खुर्चीत बसून हसलो. मग राग आला, आणि तो बराच वेळ टिकला. आमच्या बापांची नावं वेगळी, पण दोघांचं पहिलं अक्षर एकच, आणि अर्जावर तेवढंच अक्षर पडलेलं. पॅन नंबर त्या कर्जावर टाकलेलाच नव्हता. नाव एक, आडनाव एक, जन्मतारीख एक, गाव एक, फोन एक. मशीननं आम्हा दोघांचा एकच माणूस करून टाकला होता. बापांना जी एकी जमली नाही ती मशीननं केली.

क्रेडिट रिपोर्ट काढणाऱ्या कंपनीकडे मी ऑनलाइन तक्रार टाकली. काही आठवड्यांनी उत्तर आलं: कर्ज देणाऱ्या कंपनीकडे विचारणा केली असता त्यांनी माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे. म्हणजे ज्यांनी चूक केली त्यांनाच विचारलं, आणि ते म्हणाले चूक नाही. तोवर गणपती येऊन गेले होते.

मग मुंबई नाक्याजवळच्या त्या फायनान्स कंपनीच्या ऑफिसात गेलो. अधिकारी तरुण होता, बाहेरून बदलून आलेला. त्यानं सगळं स्क्रीनवर जुळवून पाहिलं आणि माझ्याकडे बघून हसला.

"सर, नाव सेम असू शकतं. पण जन्मतारीखपण सेम? एकच गाव, एकच तारीख?"

"आमच्या गावात निम्म्या लोकांची तीच तारीख आहे."

"म्हणजे एकाच दिवशी सगळे जन्मले?"

पलीकडच्या टेबलावर पावत्या लावत बसलेली बाई मान वर न करता म्हणाली, "साहेब, माझीपण एक जूनच आहे. पेठकडची मी."

अधिकाऱ्यानं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग जरा नरमला. तरी त्याचं म्हणणं एकच: ज्याचं कर्ज आहे त्यानं स्वतः यायचं, पॅन आणि आधार द्यायचं, कर्ज माझं आहे असं लिहून सही करायची. मग ते खातं त्याच्या पॅनला जोडतील आणि माझ्या रिपोर्टवरून उतरेल. "किंवा," तो म्हणाला, "गाडी कुठे असते तेवढं सांगा. आमची माणसं गाडी उचलतील, तेव्हा मालक कोण ते आपोआप सिद्ध होईल."

गाडी कुठे असते हे मला पक्कं ठाऊक होतं. रोज पहाटे, फुलबाजाराच्या मागच्या बोळात.

रात्री जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग सांगून टाका."

"त्याची गाडी जाईल. गाडी गेली की त्याचं सगळंच बंद."

"आपलं बंद झालं तेव्हा कोण आलं होतं?"

"तो आला होता. सामान त्याच्याच पिकअपमधनं आणलं आपण. भाडं घेतलं नव्हतं त्यानं."

तिनं भाताचं पातेलं झाकलं. मग ताट उचलताना म्हणाली, "मग त्याला घेऊन या. कसंही करा. तुमच्या घराण्याची माणुसकी पुरे झाली, मला भिंती हव्यात."

दुसऱ्या दिवशी पहाटे बाजारात गेलो. भाऊ गाडीच्या फाळक्यावर बसून चहा पीत होता. मला पाहून उठला.

"ग्रॅज्युएट, इकडं कुठं? झेंडू पाहिजे का?"

"तू अर्जावर माझा नंबर कशाला दिला?"

त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की कशाबद्दल बोलतोय ते त्याला एका क्षणात समजलं. कप खाली ठेवून तो म्हणाला, "मळ्यात रेंज नाय. त्यांनी लागणारा नंबर मागितला. तुझा लागतो."

"मग मला सांगायचं तरी."

"सांगणार होतो. वाटलं, तू नीट बोलशील त्यांच्याशी. इंग्रजीत."

मी त्याला सगळं सांगितलं. रिपोर्ट, घर, दसरा, जिन्यातला किराणावाला, ऑफिसात येऊन त्यानं करायची सही. त्यानं कप उचलून उरलेला चहा ओतून टाकला. मग म्हणाला, "गिअरबॉक्स गेला होता. गाडी दीड महिना गॅरेजला. तिथून जे मागं पडलो ते पडलोच. तिथं पाऊल टाकलं की ते पयले चावी मागतील, तुला म्हाईत नाय."

"मला माहीत नाही? कर्जापायी माझं घर गेलं."

त्यावर तो हसला. हसायला नको होतं, पण मलाही हसू आलं.

"गाडी आणू नकोस," मी म्हणालो. "एसटीनं ये. आणि ऑफिसात बसलेल्या माणसाच्या खिशातनं चावी काढता येत नाही. आधी लेखी नोटीस लागते. मी आधी अर्ज देतो, थकलेले हप्ते शेवटी ढकला म्हणून. तू थोडं काही भरलं तर ऐकतात. गाडी उचलून लिलावात विकण्यापेक्षा त्यांनाही तेच बरं पडतं."

"हे सगळं तुला कसं म्हाईत?"

"दिवाळं काढलंय ना."

"आयला," तो म्हणाला, "दिवाळं काढायलापण शिक्षण लागतं व्हय."

तरी तो हो म्हणाला नाही. म्हणाला, बायकोला विचारतो. पुढचे काही दिवस त्याचा फोन लागला नाही, मळ्यात रेंज नव्हती म्हणून की उचलायचा नव्हता म्हणून, मला कळायला मार्ग नव्हता. मी बाजारात पुन्हा गेलो नाही. एकदा मुंबई नाक्यावरून जाताना त्या ऑफिसची पाटी दिसली आणि मनात आलं, वर जावं, बोळाचं नाव सांगावं, मोकळं व्हावं. सिग्नल सुटला आणि रिक्षा पुढे गेली. सिग्नल सुटला नसता तर काय केलं असतं, ते मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मग एका सकाळी काकूंच्या फोनवरून त्याचा फोन आला. "येतोय. सीबीएस स्टँडला थांब."

हरसूलच्या एसटीतून तो उतरला तेव्हा त्यानं लग्नाला घालायचा पांढरा शर्ट घातला होता. दसऱ्याच्या झेंडूचं भाडं त्यानं शेतकऱ्यांकडून आगाऊ उचलून आणलं होतं, ते वरच्या खिशात, आणि दर दोन मिनिटांनी तो खिसा चाचपत होता. आम्ही ऑफिसात बाकावर शेजारी बसलो. शाळेनंतर पहिल्यांदाच असे बसलो असू. आतून माझ्या नावानं पुकारा झाला आणि आम्ही दोघंही उठलो. ती पेठकडची बाई तोंडावर पदर धरून हसत होती.

अधिकाऱ्यानं विचारलं, "कर्ज कुणाचं?"

भाऊ क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा मागे फिरतो. मग तो टेबलाकडे वळून म्हणाला, "माझं. गाडी माझी, कर्ज माझं. ह्याचा काय संबंध नाय. हा गावातला, मी मळ्यातला."

अधिकाऱ्याला त्यातलं शेवटचं काही कळलं नाही, पण त्यानं सह्या घेतल्या. पॅन कार्ड निघालं, जन्मतारीख अर्थातच एक जून, पण नंबर वेगळा. माझा अर्ज त्यानं वरिष्ठांकडे पाठवला. भावानं आणलेले पैसे भरून घेतले आणि उरलेले थकीत हप्ते मुदतीच्या शेवटी घालायचं कबूल केलं. चावी कुणी मागितली नाही. शेवटी त्यानं विचारलं, "संपर्कासाठी मोबाईल?"

भावानं आपला नंबर सांगितला.

"तो लागत नाही. दुसरा?"

भावानं पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो.

"माझ्या बायकोचा लिहा," भाऊ म्हणाला. "ती टेकाडावर जाऊन बोलती."

पण रिपोर्ट बदलायला वेळ लागतो. दसरा आला तेव्हा स्क्रीनवर ते कर्ज अजून माझ्याच नावापुढे होतं. मी बाईंकडे गेलो. फायनान्स कंपनीचं पत्र दाखवलं, सगळी हकीगत सांगितली. एक जूनचं ऐकून बाई म्हणाल्या, "मीही दिलेत की असे जन्म. वणीकडच्या शाळेत होते तेव्हा. पोर घ्यायचं तर काहीतरी लिहावं लागायचंच." त्यांनी पत्र पुन्हा वाचलं, घडी घालून परत दिलं. "दसऱ्याचा मुहूर्त चांगला म्हणून म्हटलं होतं. दिवाळीच्या पाडव्यालाही मुहूर्तच असतो. पण पाडवा म्हणजे पाडवा. पुढे नाही."

दिवाळीच्या दोन आठवडे आधी ते कर्ज माझ्या रिपोर्टवरून उतरलं. बँकेच्या मॅनेजरनं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि नीट पाहिलं. "हे सेटल्ड मात्र राहील," ती म्हणाली.

"राहू द्या. ते माझंच आहे."

मागितलं होतं त्यापेक्षा थोडं कमी मंजूर झालं. उरलेलं बायकोनं तिच्या भिशीतून उभं केलं. पाडव्याला सकाळी बाईंच्या हॉलमध्ये सह्या झाल्या. किराणावाल्यानं खालच्या घराच्या केल्या, आम्ही वरच्या. किल्ली द्यायचा प्रश्न नव्हता, ती आमच्याकडेच होती.

दुपारी भाऊ झेंडूचं तोरण घेऊन आला. स्टुलावर चढून दाराला बांधत असताना माझा फोन वाजला.

"सर, आपका पिकअप का हप्ता..."

कुठल्या तरी जुन्या यादीत माझा नंबर राहिला होता. पूर्वी मी चिडलो असतो, कागद पाठवला असता. मी हात वर करून फोन भावापुढे धरला.

"घे. तुझा आहे."

एका हातानं तोरण धरून त्यानं फोन कानाला लावला. "हां, बोलतोय. मीच. पाच तारखेला भरला ना साहेब, बघा एकदा. आणि ह्या नंबरवर करू नका, हा दुसरा माणूस हाय."

आत ठकठक सुरू झाली. बायकोनं हातोडी कुठून आणली मला माहीत नाही. मी आत गेलो तेव्हा हॉलच्या भिंतीत पहिला खिळा अर्धा गेला होता. मला वाटलं, आता माझा झग्यातला फोटो. कपाटावरची चादर काढायला मी हात वर केला.

"थांबा," ती म्हणाली. तिनं फ्रिजला टेकलेलं कॅलेंडर उचललं, खिळ्याला अडकवलं, दोन पावलं मागं येऊन सरळ बसलंय का ते पाहिलं. मग हातोडी माझ्या हातात दिली.

"तुमचा तुम्ही ठोका."